अजिंक्यतारा चार वेळा आणि वर थोडं: स्कीवरून हिमनदीच्या शिखरावर पहिल्यांदा जाताना

रविवारी पहाटे साताऱ्यातल्या चार भिंतींच्या रस्त्याला लागलं की ओळखीचे चेहरे भेटतातच. कुणी अजिंक्यतारा किल्ल्याच्या दोन फेऱ्या मारतंय, कुणी यवतेश्वरच्या घाटात पळून घामाघूम होऊन परततंय. युरोपातून आल्यापासून त्यांतले बरेच जण मला थांबवून विचारतात, "ते स्की लावून डोंगर चढायचं नक्की काय असतं? आणि आपल्याला जमेल का?" रस्त्यात उभं राहून अर्धीमुर्धी उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो.

तर, स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची आणि बर्फावरून चालत चढायचं. शिखराजवळ उतार फार खडा झाला किंवा खडक लागला की स्की काढून बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, बांधायचे. वर जाऊन यायचं, पट्टी सोलून पिशवीत टाकायची आणि त्याच स्कीवरून घसरत खाली यायचं. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा पहिल्यांदा समावेश झाला, पण ती शर्यत. आपण बोलतोय ते गाईडबरोबर, आपल्या चालीने करायच्या मोहिमेबद्दल.

मी गेलो तो डोंगर ग्रान पारादीझो. उंची ४०६१ मीटर, पूर्णपणे इटलीच्या हद्दीत असलेलं सर्वांत उंच शिखर. १८६० साली त्यावर पहिल्यांदा माणूस चढला. भोवतालचं जंगल एके काळी इटलीच्या राजाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९२२ मध्ये तिथे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. नवख्यांना हाच डोंगर सुचवतो, कारण वाटेत मुक्कामाला पक्की झोपडी आहे, हिमनदीवरची वाट तुलनेने सौम्य आहे आणि गाईड सहज मिळतात. "मग हिमालय काय वाईट?" असं कुणी ना कुणी विचारतंच. वाईट काहीच नाही. पण मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक धरलं तरी ते ५२८९ मीटर भरतं, तंबूत राहावं लागतं आणि सामान वाहून न्यावं लागतं. ते दुसऱ्या खेपेला करा.

आधी हिशोब

झोपडी २७३५ मीटरवर, शिखर ४०६१ वर. म्हणजे शिखराच्या दिवशी १३२६ मीटर चढण. आपला अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच. चार वेळा चढा आणि वर थोडं. हे ऐकलं की सातारकराचा चेहरा खुलतो. एवढंच होय? हो, चढण एवढीच. वर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६० टक्के ऑक्सिजन, पायात जड बूट आणि स्की, हे सगळं धरूनसुद्धा गड-किल्ले फिरलेला माणूस चढून जातो.

घोडं पेंड खातं ते उतरताना. सह्याद्रीत आपण उतार म्हणजे सुट्टी समजतो. गुडघे दुखतात, पण डोकं मोकळं असतं. इथे उलटं आहे. पाच-सहा तास चढून मांड्या पिळून निघाल्या की मग खरी परीक्षा सुरू होते: अनोळखी, कधी कडक तर कधी चिकट बर्फावरून, पाठीवर सॅक घेऊन, हिमभेगांच्या मधून, गाईड नेईल त्याच रेषेत स्की चालवत यायचं. म्हणून तयारीचा क्रम उलटा ठेवा. आधी घसरायला शिका, मग शिखराचं नाव काढा.

पायरी पहिली: दोन हिवाळे राखून ठेवा

"पी हळद नि हो गोरी" इथे चालत नाही. पहिल्या हिवाळ्यात स्कीचा प्राथमिक कोर्स, दुसऱ्या हिवाळ्यात पुढचा कोर्स आणि मोकळा सराव, त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये शिखर. आपल्याकडे गुलमर्ग, मनालीजवळचं सोलंग आणि उत्तराखंडातलं औली या तीन जागा. गुलमर्गला भारत सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेतही स्कीचे कोर्स होतात. जागा लवकर भरतात, त्यामुळे हिवाळ्याचा विचार दिवाळीच्या बराच आधी करा.

कोर्सचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे तयार झालात असं नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारा. मशीनने सपाट केलेल्या मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून दोन्ही बाजूंना वळता येतं का? सांगितलेल्या जागी, सांगितल्याबरोबर थांबता येतं का? आणि मशीन न फिरलेल्या, खडबडीत बर्फावर, दमल्यावर, सॅक पाठीला असताना हेच जमतं का? तिसऱ्याचं उत्तर "कधी कधी" असेल तर आणखी एक हिवाळा. रुबाबदार वळण आलं नाही तरी चालेल. आडव्या रेषेत सरकत जाणं, बाजूने घसरत खाली येणं, जागच्या जागी उलटं फिरणं, ही कुरूप कामंच तिथे उपयोगी पडतात.

शक्य असेल तर गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सही करून घ्या. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) यांची सवय असली की गाईडला तुम्हाला अ-आ-इ-ई शिकवत बसावं लागत नाही. हिमालयात आठ हजारी शिखरं चढणारी प्रियांका मोहिते साताऱ्याचीच. तेव्हा "आपल्याकडे कुठे बर्फ" ही सबब इथे तरी कुणी सांगू नये.

पायरी दुसरी: साताऱ्यात पाय घडवणं

आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. आठ किलोंपासून सुरुवात. वर पोचलात की पाणी ओतून देऊ नका, वजनासकट उतरा. सावकाश, गुडघे वाकवून, टाच आपटू न देता. स्कीवर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच भार पेलतो. तो असाच तयार होतो, जिममधल्या मशीनवर नाही. मी भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखा बसायचो. पहिल्या दिवशी ४० सेकंदांत पाय लटपटले, तीन महिन्यांनी चार मिनिटं बसता यायला लागलं. घरच्यांची करमणूक झाली ती वेगळी.

महिन्यातून एकदा लांबचा दिवस काढा. सज्जनगड आणि मग कासच्या बाजूला चालत, सहा-सात तास, मध्ये मोठी विश्रांती न घेता. वेग एवढाच की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. शिखराच्या दिवशी हाच वेग लागतो. पळणाऱ्यांची इथे फसगत होते, पहिल्या तासात ते पुढे असतात आणि चौथ्या तासात बसलेले दिसतात.

पायरी तिसरी: गाईड

यात काटकसर नको. आल्प्समध्ये पर्वत गाईड हा परवान्याचा व्यवसाय आहे. गाईडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा बिल्ला असलेला गाईडच घ्या. तो बिल्ला मिळवायला त्यांना कित्येक वर्षं घालवावी लागतात. पत्र लिहाल तेव्हा सरळ विचारा: एका गाईडमागे किती जण? शिखराआधी सरावाचे किती दिवस? हवा बिघडली तर दुसरा बेत काय? माझी स्की कच्ची निघाली तर काय करणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बारकाईने वाचा. चांगला गाईड लिहितो, "पहिल्या दिवशी पाहीन, जमत नसेल तर शिखर रद्द, सोपा डोंगर करू." "काळजी नको, सगळ्यांना वर नेतो" असं लिहिणाऱ्यापासून लांब राहा. मलाही असं एक उत्तर आलं होतं, कुठून ते सांगत नाही. वाचून आनंद झाला होता. तो आनंद ओसरायला दोन दिवस लागले.

आणि तुमच्या बाजूने खरं सांगा. स्कीचा अनुभव फुगवून लिहायचा मोह होतो, मुलगी बघायला जाताना पगार फुगवतात तसा. इथे तो पहिल्या वळणावर उघडा पडतो.

पायरी चौथी: सामान

कपडे विकत घ्या, बाकीचं बहुतेक तिथे भाड्याने मिळतं. स्की, काठ्या, आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, हार्नेस, ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचा रेडिओ), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, सगळं. स्कीला लावायचे छोटे क्रॅम्पॉन वेगळे असतात, ते यादीत आहेत का बघा. पहाटेच्या काचेसारख्या बर्फावर नुसती पट्टी पकड सोडते.

बुटांबद्दल जास्त बोलायला हवं, कारण तिथेच मी चुकलो. ट्रेकचे बूट आपण एक नंबर मोठे घेतो, जाड मोज्यासाठी. त्याच हिशोबाने मी स्कीचा बूट मोठा घेतला. पहिल्या दिवशी चढताना छान वाटलं. उतरताना पाय आतल्या आत सरकायचा, स्कीला सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचायचंच नाही आणि संध्याकाळी अंगठ्याचं नख जांभळं झालेलं. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. कागदावर उभं राहून पाय आखा, मोजा, तोच नंबर, आणि पायमोजा एकच, पातळ. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवला की सुटावीत.

आता ती केसाळ पट्टी. तिला सगळे स्किनच म्हणतात, कारण पूर्वी ती खरंच सीलच्या कातड्याची असायची. आता मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) किंवा नायलॉन. वासराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं आहे: एका दिशेने गुळगुळीत, उलटा फिरवला की अडतो. म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. खालच्या बाजूला गोंद असतो. त्याला बर्फाचा चुरा, धूळ, लोकर काही लागू द्यायचं नाही. नवखा हमखास करतो ते असं: वाऱ्यात पट्टी सोलतो, ती फडफडून बर्फात पडते, गोंद ओला होतो आणि पुढच्या चढाला चिकटत नाही. सोलताना निम्मी सोला, गोंदावर गोंद दुमडा, मग उरलेली निम्मी. घरात सतरंजीवर दहा वेळा करून बघा, पण सतरंजी आधी झटका.

बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला अडकवायच्या पकडीला, पुढे दोन पिना असतात, त्यांवर बुटाचं टोक बसतं. चढताना टाच मोकळी, उतरताना मागेही अडकवलेली. बुटालाही चालायची आणि स्कीची अशा दोन अवस्था. उतरायच्या आधी चार गोष्टी मोठ्याने म्हणा: पट्टी काढली, बूट स्कीवर टाकला, बकलं आवळली, टाच अडकवली. माझ्या पुढच्या एकाने बूट चालण्याच्याच अवस्थेत ठेवला आणि पहिल्या वळणाला पत्त्याच्या बंगल्यासारखा कोसळला.

डोळ्यांसाठी ग्लेशियरचा गडद चष्मा, नाकाच्या खालच्या बाजूलासुद्धा सनस्क्रीन. ताजं बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतं. नाकपुडीच्या आत भाजणं काय असतं ते मला माहीत आहे.

पायरी पाचवी: कागदपत्रं आणि डबा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशीर करू नका, एप्रिल-मेच्या सुट्टीची गर्दी तेव्हाच असते. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण एजंट जी साधी पॉलिसी देतो तिच्यात बहुधा गिर्यारोहण वगळलेलं असतं. माझ्या पहिल्या पॉलिसीत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. स्की माउंटेनिअरिंग, हिमनदी, ४००० मीटरच्या वरची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे चार शब्द लेखी असल्याशिवाय पैसे भरू नका.

डब्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं: कंदी पेढे घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खारीक चालते. चिक्कीचे घरीच छोटे तुकडे करा आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. उणे दहामध्ये अख्खी वडी दातांनी फुटत नाही. झोपडीत शाकाहारी जेवण मिळतं, पण आधी कळवलेलं हवं. पास्ता, भाज्यांचं सूप आणि पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. आमच्यातल्या एकाने त्यावर घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी पेरली आणि शेजारच्या टेबलावरून वाटी मागायला लोक आले.

पायरी सहावी: सरावाचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस छोट्या डोंगरांवर जातात. शरीराला उंचीची सवय होते आणि गाईड तुम्हाला जोखतो. उंचीच्या त्रासासाठीच्या डायमॉक्स वगैरे गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका, जायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

किक टर्न इथेच शिकाल. खड्या उतारावर नागमोडी चढताना वळणाला वरची स्की उचलून उलट दिशेला ठेवायची, तिच्यावर भार द्यायचा आणि मागे राहिलेल्या स्कीला टाचेने हलका झटका द्यायचा, म्हणजे तिचं टोक वर येतं आणि ती ओढून घेता येते. वाचून कळत नाही, पन्नास वेळा करून कळतं.

पण सगळ्यांत गंभीर तास ट्रान्सीव्हरचा. हा छातीला बांधायचा छोटा रेडिओ, जगभर एकाच ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. कुणी हिमस्खलनात गाडला गेला तर बाकीच्यांनी आपापला शोधावर टाकून त्याचा सिग्नल पकडायचा. आमच्या गाईडने एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून बर्फात पुरला आणि घड्याळ लावलं. आम्ही चौघं. आकडे कमी होत गेले, बाणाच्या मागे धावलो, एकमेकांना ओरडलो, प्रोब भलतीकडे खुपसले. पिशवी हाताला लागेपर्यंत ११ मिनिटं. गाईड काही बोलला नाही, घड्याळ फक्त दाखवलं. गाडलेला माणूस जिवंत निघण्याची चांगली आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, हे त्याने सकाळीच सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला चार मिनिटांत काढली. प्रोब उताराला काटकोनात, गोलगोल वाढवत खुपसायचा. लागला की तिथेच ठेवायचा, आणि खणायचं ते त्याच्या खालच्या उताराकडून आत, वरून विहीर खणल्यासारखं नाही.

बर्फ बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतं, म्हणजे नेमकं स्की करायला मजा येते तिथून. रोजच्या हिमस्खलन पत्रकात १ ते ५ असा धोका दिलेला असतो. ३ म्हणजे मधला, म्हणजे ठीक, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ३ च्या दिवशी भरपूर अपघात होतात.

पायरी सातवी: झोपडी आणि शिखर

पोंत या १९६० मीटरवरच्या शेवटच्या वस्तीपासून व्हित्तोरिओ एमानुएले झोपडीपर्यंत दोन-अडीच तास. नाव झोपडी, पण छत विमानाच्या हँगरसारखं अर्धगोल चकचकीत, दुरूनच दिसतं. बूट बाहेरच्या खोलीत काढायचे, आत ठेवलेल्या चपला घालायच्या, झोपायला स्वतःची पातळ चादरीची पिशवी हवी. शेजारचा घोरतो, कानात बोळे ठेवा.

पहाटे चारला उठवतात. आधी पोटोबा, भूक नसली तरी. दारातच गाईड एकेकाचा ट्रान्सीव्हर चालू आहे का तपासतो. डोक्यावर दिवा, पायाखाली करकर आवाज. ही वाट डोंगराच्या पश्चिमेकडून चढते, त्यामुळे ऊन फार उशिरा मिळतं. आकाश गुलाबी झालं तरी बोटं बधिरच. पाणी पिताना नळीचं टोक गोठतं, म्हणून साधी बाटली, सॅकमध्ये उलटी ठेवलेली. बर्फ आधी पाण्याच्या वरच्या थराला धरतं, तेव्हा झाकण मोकळं राहतं.

हिमनदीवर गाईड दोर बांधायला लावतो. दोर जवळजवळ ताठ ठेवा, वेटोळी हातात गोळा करू नका. पुढचा थांबला की तुम्हीही थांबा, त्याच्याजवळ गप्पा मारायला जाऊ नका. भेगेवरचा बर्फाचा पूल कोसळला तर दोघं आत जायला नकोत. आणि लघवीसाठीसुद्धा विचारल्याशिवाय स्की काढायची नाही. स्कीवर वजन पसरलेलं असतं, बुटावर ते एका जागी येतं आणि भेगेवरचा बर्फाचा पूल तेवढ्यानेही खचू शकतो.

शेवटी हिमनदी डोंगराच्या अंगापासून सुटते तिथे मोठी भेग असते. तिच्या आसपास स्की रोवून ठेवायच्या, क्रॅम्पॉन घालायचे. वर अरुंद खडकाळ धार, दोन्ही बाजूंना खोल, आणि टोकाला मेरीची पांढरी मूर्ती. गर्दीच्या दिवशी रांग लागते, सज्जनगडला दासनवमीला लागते तशी, फक्त इथे पायाखाली पायऱ्या नाहीत. मी मूर्तीपाशी तीन मिनिटं होतो. फोटोत माझं नाक पांढरं आणि डोळे बारीक.

परतीची वेळ गाईड आदल्या रात्रीच ठरवतो. तोवर धारेखाली असाल तर तिथूनच मागे. वाद घालू नका, बर्फाचं वेळापत्रक तुमच्या विमानाच्या तिकिटाला बांधलेलं नसतं. रात्री घट्ट झालेलं बर्फ उन्हाने वरून दोन बोटं मऊ झालं की स्कीला सर्वांत छान. आणखी तासाभराने त्याचा चिखल होतो आणि सुटायलाही लागतं.

उतरताना गाईडच्या पुढे जायचं नाही, त्याच्या रेषेच्या दोन-तीन हातांतच राहायचं, तो थांबेल तिथे त्याच्या वरच्या बाजूला थांबायचं. छोटी वळणं, लवकर लवकर श्वास, मांड्या पेटल्या की बोला. "थांबूया" म्हणण्याची लाज मला दोन वेळा वाटली आणि दोन्ही वेळा पुढच्या वळणाला मी पडलो. तिसऱ्यांदा हाक मारली. गाईडने मान डोलावली आणि चिक्की मागितली.

परत आल्यावर

भाड्याचं सामान परत केलं की काम संपतं. पण स्किन विकत घेतली असेल तर ती सावलीत वाळवा, जाळी मध्ये घालून गोंदावर गोंद दुमडा आणि घरातल्या सगळ्यांत थंड कपाटात ठेवा. मी मे महिन्यात आलो आणि सॅकसकट ती माळ्यावर टाकली. वर पत्रा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर काढली तर फणसाच्या चिकासारखी लगदा झालेली, त्यात माझा एक हातमोजा कायमचा अडकून बसलाय.